एका बाकावरचे दोघे

यवतमाळहून दारव्ह्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात लोहारा येते. यवतमाळ शहर वाढत वाढत आता जवळजवळ येथवर येऊन टेकले आहे. एका अंगाला जुने गाव, दुसऱ्या अंगाला एमआयडीसीतले कारखाने आणि त्यांच्यापलीकडे पऱ्हाटीची शेते. मी राहतो लोहाऱ्यात आणि पदार्थविज्ञान शिकवतो यवतमाळच्या एका महाविद्यालयात. गावात कोणाला काही 'विज्ञानाचे' विचारायचे असले की माझ्याकडे येतात. बहुधा प्रश्न इन्व्हर्टरचा किंवा ग्रहणाचा असतो.

गेल्या जूनच्या अखेरीस, विदर्भातील शाळा उघडतात त्या आठवड्यात, एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावले. त्यांच्यापुढे नववीचा हजेरीपट होता आणि त्यातील दोन नावांखाली लाल रेघ मारलेली होती. ही दोन मुले पाचवीपासून एकाच बाकावर बसत आलेली. एक शेतकऱ्याचा, घरी वऱ्हाडी बोलणारा. दुसरा तांड्यावरचा, घरी गोरमाटी बोलणारा. शिक्षकांची तक्रार अशी, की दोघे तासाला बोलतात, एकाचा गृहपाठ दुसऱ्याच्या वहीत जसाच्या तसा उतरतो, एक गैरहजर असला की दुसराही येत नाही, आणि तिसऱ्या मुलाला ते आपल्यात घेत नाहीत. शेतकरी बापही येऊन सांगून गेला होता, "सर, आमचं पोट्टं त्या पोट्ट्याच्या पायी वाया जाऊन राह्यलं. अलग करा त्याइले."

नववीच्या दोन तुकड्या पाडायच्याच होत्या. एकाला 'अ'मध्ये आणि दुसऱ्याला 'ब'मध्ये टाकले की काम झाले. पण मुख्याध्यापकांचे मन होत नव्हते. पाचवीत आला तेव्हा तांड्यावरचा मुलगा कितीतरी महिने वर्गात अक्षरही बोलला नव्हता. जे सांगायचे ते तो शेजाऱ्याच्या कानात सांगे आणि शेजारी उभा राहून मोठ्याने सांगे. "तुम्ही विज्ञानवाले," मुख्याध्यापक म्हणाले, "विज्ञान काय म्हणते तेवढे सांगा."

मित्रांनो, मी लगेच उत्तर दिले नाही. माझे मत ठरलेले नव्हते असे नाही. ते पक्के ठरलेले होते; परंतु त्याचे कारण वैज्ञानिक नव्हते. मी आठवीत असताना आमच्या शाळेने मला आणि माझ्या जिवलग मित्राला असेच दोन तुकड्यांत टाकले होते. मधल्या सुट्टीत एकत्र दिसलो तर छडी मिळे. हा मित्र हाताचा मोठा कसबी. सायकलच्या डायनामोवर बल्ब लावून, चाक हाताने फिरवून त्याने तो मला पेटवून दाखवला, तेव्हा विद्युतचुंबकीय प्रवर्तन हा शब्दही मी ऐकलेला नव्हता. नववी संपताच त्याने शाळा सोडली आणि तो जिनिंगमध्ये कामाला लागला. आम्हाला वेगळे केले म्हणून त्याची शाळा सुटली, असे मी पुढे कितीतरी वर्षे धरून चाललो होतो.

आता पाहा, हेच विधान माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत लिहिले असते तर मी त्यावर काट मारली असती. एक निरीक्षण, तेही स्वतःचे, आणि तुलनेला दुसरे काहीच नाही! म्हणून मुख्याध्यापकांकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचायला बसलो. त्यातून हाती आले ते तुमच्यापुढे ठेवतो. शिक्षकांनीही ते वाचावे, कारण हजेरीपटावर लाल रेघ मारण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे.

पहिली गोष्ट, हा प्रश्न एकट्या लोहाऱ्याचा नाही. २०१७ साली लंडनच्या 'थॉमसेस बॅटर्सी' या शाळेची वृत्तपत्रांत बरीच चर्चा झाली. ब्रिटिश राजघराण्यातला छोटा जॉर्ज त्या वर्षी तेथे दाखल झाला होता आणि 'सर्वांत जवळचा एक मित्र' करण्यास ती शाळा उत्तेजन देत नाही, असे छापून आले होते. त्यामागचा हेतू वाईट नाही. दोघांची जोडी जमली की तिसरा बाहेर पडतो, आणि त्या तिसऱ्याला काय वाटते हे आपल्यातील प्रत्येकाने कधी ना कधी अनुभवलेले असते. जोडी फुटली की रडारड होते, पालक भांडायला येतात. तेव्हा सगळ्यांनी सगळ्यांचे मित्र व्हावे, हे बरे.

ऐकायला हे छान वाटते. पण आपण जरा पाटी-पेन्सिल घेऊन बसू.

समजा वर्गात ४० मुले आहेत. त्यांच्यात जोड्या किती होतील? प्रत्येक मुलाचे इतर ३९ मुलांशी नाते जुळू शकते, आणि प्रत्येक जोडी आपण दोनदा मोजतो, म्हणून ४० गुणिले ३९ भागिले २, म्हणजे ७८० जोड्या. आता मैत्री व्हायला वेळ किती लागतो? अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ साली याचा एक अंदाज प्रसिद्ध केला. नव्या गावी आलेली प्रौढ माणसे आणि महाविद्यालयात नव्याने दाखल झालेले विद्यार्थी यांना त्यांनी प्रश्न विचारले होते. नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, खऱ्या मैत्रीला सुमारे ९० तास, आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक. शाळकरी मुलांचे आकडे थोडे वेगळे असतील, पण आपल्याला अंदाजच हवा आहे. ३९ मुलांशी प्रत्येकी ९० तास म्हणजे ३,५१० तास. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाचे २२० दिवस आणि अध्यापनाचे १,००० तास ठरवून दिले आहेत. म्हणजे अध्यापन बाजूला ठेवून सगळा वेळ नुसती मैत्री केली तरी साडेतीन वर्षे लागतील! घोळक्यात आपण एका वेळी चारपाच जणांशी बोलतो, त्यामुळे हा हिशेब थोडा सैल करावा लागेल. पण कितीही सैल केला तरी 'सगळ्यांशी मैत्री' वेळेच्या हिशेबात बसत नाही. सगळ्यांशी चांगले वागणे बसते. त्याला तास लागत नाहीत.

आणखी एक गंमत सांगतो. पाच मुलींची कल्पना करा: क, ख, ग, घ, च. क-ख, क-ग, क-घ आणि घ-च अशा चार मैत्री आहेत. म्हणजे क ला तीन मैत्रिणी, घ ला दोन, आणि ख, ग, च यांना प्रत्येकी एक. सरासरी काढा: ८ भागिले ५, म्हणजे १.६. आता प्रत्येकीला विचारा, 'तुझ्या मैत्रिणींना सरासरी किती मैत्रिणी आहेत?' ख सांगेल ३, ग सांगेल ३, घ सांगेल २, च सांगेल २, आणि क सांगेल १.३३. यांची सरासरी येते जवळजवळ २.२७. ख, ग आणि च या तिघींना वाटते की आपल्या मैत्रिणीला आपल्यापेक्षा जास्त मैत्रिणी आहेत, आणि ते खरेच आहे! ज्यांना पुष्कळ मित्र असतात ते पुष्कळांच्या यादीत येतात, म्हणून हे घडते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ साली ही गोष्ट गणिताने मांडली. तेव्हा 'मलाच मित्र कमी' असे वाटून तुमच्यापैकी कोणी उदास होत असेल, तर त्यातला काही भाग मोजण्याच्या पद्धतीतून येतो, हे ध्यानात असू द्या. शाळेने मित्रांची संख्या हे माप मानले, तर निम्म्याहून अधिक वर्ग त्या मापात उणा ठरू शकतो.

खड्डा तोच, धक्का वेगळा

बरे, एक जिवलग मित्र असला तर त्याचा उपयोग काय? येथे मला एसटीची आठवण येते. रस्त्यात खड्डा आला की चाक त्यात जाणारच. पण पाटे आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर धड असतील तर तो सगळा धक्का प्रवाशापर्यंत पोहोचत नाही. आंदोलने लवकर विरतात. पदार्थविज्ञानात याला अवमंदन म्हणतात. खड्डा बुजत नाही, अंगाला बसणारा हादरा कमी होतो.

उपमा म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून पुरावाही पाहू. कॅनडातील माँट्रियल येथे अ‍ॅडम्स, सांतो आणि बुकोव्स्की या संशोधकांनी पाचवी-सहावीच्या १०३ मुलांचा अभ्यास केला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. चार दिवस, दिवसातून अनेक वेळा, मुलांनी एका वहीत नोंद करायची: गेल्या थोड्या वेळात काय घडले, ते चांगले की वाईट, त्या वेळी सोबत कोण होते, आणि स्वतःबद्दल आता काय वाटते. त्याच वेळी त्यांच्या लाळेचा नमुना घेतला जाई. लाळ कशासाठी? आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क ग्रंथी असतात. ताण आला की त्यांतून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते, आणि ते लाळेत मोजता येते. मनातली गोष्ट सांगताना माणूस कमीजास्त बोलेल, पण लाळेला काही लपवता येत नाही. आढळले ते असे. वाईट प्रसंगी जिवलग मित्र जवळ नसला तर कॉर्टिसॉल वाढे आणि स्वतःबद्दलचे मत घसरे. मित्र जवळ असला तर त्याच तऱ्हेच्या प्रसंगाचा परिणाम बराच कमी दिसे.

ही झाली तासा-अर्ध्या तासाची गोष्ट. वर्षांची गोष्ट पाहायची तर कॅथरीन बॅगवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९८ सालचा अभ्यास आहे. पाचवीत असताना ज्यांना टिकाऊ जिवलग मित्र होता अशी ३० मुले आणि ज्यांना नव्हता अशी ३० मुले, यांना त्यांनी बारा वर्षांनी पुन्हा गाठले. मित्र असलेल्यांना मोठेपणी स्वतःची किंमत अधिक वाटत होती. व्हर्जिनियातील दुसऱ्या एका अभ्यासात १६९ जणांचा १५व्या वर्षापासून २५व्या वर्षापर्यंत मागोवा घेतला गेला. पंधरा-सोळाव्या वर्षी ज्यांची एखादी मैत्री घट्ट होती त्यांच्यात पुढे चिंता आणि खिन्नता कमी आढळली. वर्गात जे 'लोकप्रिय' होते त्यांना हा लाभ झाला नाही. उलट, चारचौघांत वावरताना वाटणारी चिंता त्यांच्यात पुढे वाढलेली दिसली. हा निष्कर्ष वाचून मला, का कोण जाणे, थोडा आनंद झाला. शाळेत मी कधीच लोकप्रिय नव्हतो.

तुमच्यातील चिकित्सक विद्यार्थी आता हात वर करील. 'सर, मुळात आनंदी स्वभावाच्या मुलालाच मित्र मिळतो आणि तोच पुढे आनंदी राहतो, असे कशावरून नसेल?' प्रश्न रास्त आहे. या अभ्यासांत कोणाला मित्र असावा हे संशोधकांनी ठरवलेले नव्हते. जे आपोआप होते ते त्यांनी पाहिले. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. निम्म्या मुलांची मैत्री चिठ्ठ्या टाकून तोडावी आणि बारा वर्षांनी काय झाले ते पाहावे, असा प्रयोग कोणी करू म्हणाले तर त्याला शाळेच्या फाटकातही उभे करता कामा नये. (तुकड्या पाडताना आपण जवळजवळ तेच करतो, फक्त नोंद ठेवत नाही.)

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घट्ट मैत्री नेहमी औषधच असते असे नाही. अमेरिकेतील अमांडा रोझ यांनी २००२ साली दाखवले की काही जिवलग जोड्या एकच दुःख पुन्हा पुन्हा उगाळत बसतात. त्याने जवळीक वाढते आणि खिन्नताही वाढते. मुलींमध्ये हे अधिक दिसले. आणि वाईट संगतीबद्दल आपल्या आजीने जे सांगितले आहे ते खोटे ठरवणारे काही माझ्या वाचनात आलेले नाही. तेव्हा त्या शेतकरी बापाचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. मात्र त्याच्या मुलाचे गुण उतरले होते का, हे कोणीच पाहिले नव्हते. आम्ही पाहिले. गणितात थोडे उतरले होते, पण पाचवीपासून साऱ्या वर्गाचेच उतरत आलेले होते.

जागा कोण ठरवतो?

मैत्री तोडण्याचा प्रयोग करता येत नाही, पण मैत्री जुळण्याचा करता येतो, आणि तो झालेला आहे. हंगेरीत रोहरर, केलर आणि एल्वर्ट या संशोधकांनी ४० शाळांतील १८२ वर्गांत, तिसरी ते आठवीच्या २,९६६ मुलांची बसण्याची जागा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरवली. सत्र संपल्यावर प्रत्येकाला विचारले, तुझे मित्र कोण? याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. एरवी कोणत्याही दोन मुलांत परस्पर मैत्री असण्याची शक्यता १५ टक्के होती. एका बाकावर बसवल्याने ती २२ टक्के झाली. म्हणजे एका साध्या बाकाने जवळजवळ दीडपट! अभ्यासात पुढे-मागे असलेली, वेगळ्या वंशाची मुलेही जवळ बसल्याने मैत्रीकडे ओढली गेली. मुलगा आणि मुलगी यांच्यातली भिंत मात्र बाकाला फारशी ओलांडता आली नाही. येथे 'कारण कोणते' हा प्रश्न उरत नाही, कारण जागा चिठ्ठीने ठरली होती, मुलांच्या स्वभावाने नव्हे.

हे वाचले आणि मला दोन गावे आठवली. दोन्ही महाराष्ट्रातली.

पहिले सातारा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील शाळेत भीमराव आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. आज तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या मुलाला वर्गात इतरांपासून दूर, वेगळ्या तरटाच्या तुकड्यावर बसावे लागे. शाळा झाडणारा नोकर त्या तरटाला हात लावीत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. अंतराची ताकद शाळांना तेव्हाही ठाऊक होती, फक्त ती उलट्या दिशेने वापरली जात होती. त्याच साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटील यांनी वसतिगृह काढले. सगळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत, एकत्र काम करीत. पुढे १९२७ साली गांधीजी तेथे आले आणि त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. शेजारी कोण झोपेल आणि पंगतीत कोणाला कोण वाढील, हे भाऊरावांनी ठरवले. कोणाचा मित्र कोण, हे त्यांनी ठरवले नाही.

दुसरे गाव पुणे. १८४१ साली जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. त्याआधी त्यांचे शिक्षण मध्येच बंद पडले होते. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून ते पुन्हा सुरू झाले. या शाळेत त्यांची सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याशी गट्टी जमली. एक माळ्याचा, दुसरा ब्राह्मणाचा. त्या काळच्या पुण्यात अशी जोडी कोणाच्या डोळ्यांत सलली नसेल तरच नवल. पुढे गोवंडे यांच्यासह जोतीराव तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेले असताना त्यांनी मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली, आणि १८४८ साली स्वतः पुण्यात मुलींची शाळा काढली. गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे ही मित्रमंडळी ते काम चालवायला पाठीशी उभी राहिली. आता जरा कल्पना करा, मिशनच्या शाळेतील एखाद्या मास्तरांना वाटले असते की ही जोडी फार बोलते, वेगळी करा!

अर्थात हेही एकच उदाहरण आहे आणि त्यावरून मी नियम बांधणार नाही. पण त्या शाळेने काय केले ते पाहण्यासारखे आहे. एरवी जी मुले शेजारी बसलीच नसती ती तिने शेजारी आणली. गाठ त्यांची त्यांनी मारली. आपल्या जिल्ह्यातील एका वर्गात वऱ्हाडी, गोरमाटी, कोलामी आणि कारखान्यात कामाला आलेल्या परप्रांतीय कुटुंबांची हिंदी, अशा चार-चार भाषा असतात. मुलांना मनाला येईल तसे बसू दिले तर ती आपापल्या भाषेत बसतात. शिक्षकाने येथे लक्ष घातले पाहिजे, यात मला शंका नाही. पाचवीत त्या दोघांना एका बाकावर बसवले होते ते शिक्षकांनीच! मुलांनी नव्हे. मुख्याध्यापकांना हे आठवत होते, पण त्याचा या प्रश्नाशी संबंध त्यांनी लावला नव्हता.

मग बाक दर आठवड्याला बदलावे का? पुन्हा हिशेब करा. ४० मुलांनी प्रत्येकाशेजारी एकेक आठवडा बसायचे तर ३९ आठवडे लागतात. शाळेचे २२० दिवस म्हणजे, आठवड्याला सहा दिवस धरून, ३७ आठवडेही होत नाहीत. शिवाय एका आठवड्यात ९० तास सोडाच, ५० तासही भरत नाहीत. ओळख होते न होते तोच शेजारी बदललेला. पातेल्यातील पाणी सतत ढवळत राहिलो तर त्यात स्फटिक मोठा होत नाही, हे तुम्ही तुरटीच्या प्रयोगात पाहिले असेल.

मुख्याध्यापकांकडे जाण्याच्या आदल्या दिवशी मी माझ्या जुन्या मित्राकडे गेलो. आता तो विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करतो. तांब्याच्या तारेचे वेढे तो बोटांनी मोजतो, तेही गप्पा मारता मारता, आणि चुकत नाही. मी त्याला तीस वर्षे मनात असलेला प्रश्न विचारला: आपल्याला वेगळे केले नसते तर तू शिकला असतास का? तो हसला. "नाही रे. तुह्या बाजूले बसलो असतो तरी बापानं काढलंच असतं मले. तीन एकर कोरडवाहू, दोन बहिणी." मग वेढे मोजायचे थांबून म्हणाला, "शाळा सुटली त्याचं काही नाही. पण त्या साली डबा खायले सोबत कोणी नव्हतं."

तेव्हा माझा सिद्धान्त खोटा ठरला, आणि मी तो सोडला. डब्याची गोष्ट मात्र मी मुख्याध्यापकांना सांगितली.

आम्ही ठरवले ते असे. दोघांना एकाच तुकडीत ठेवायचे. पूर्ण तुकडीचे बाक दर सहा आठवड्यांनी चिठ्ठ्या टाकून बदलायचे, म्हणजे कोणा एका जोडीला शिक्षा झाली असे होणार नाही. मधली सुट्टी, मैदान आणि घरी जायची वाट यांत शाळेने ढवळाढवळ करायची नाही. गृहपाठाची नक्कल हा वेगळा गुन्हा. त्याची विचारणा वेगळी करायची. आणि मधल्या सुट्टीत एकटे कोण बसते, याची नोंद वर्गशिक्षकांनी स्वतःपुरती ठेवायची. फळ्यावर नाही, पालकसभेत नाही. तुमच्यापैकी कोणाला आपल्या वर्गाचा मैत्रीचा नकाशा काढावासा वाटला तर त्यात नावांऐवजी अक्षरे घाला आणि तो भिंतीवर लावू नका. ज्याच्याकडे एकही बाण येत नाही त्याला ते सगळ्यांसमोर कळणे फार वाईट.

पहिल्या सोडतीत तांड्यावरच्या मुलाच्या वाट्याला कारखान्याच्या वसाहतीतला एक हिंदी बोलणारा नवा मुलगा आला. मराठी धड्यातले अडलेले शब्द आता तो त्याला सांगतो, असे वर्गशिक्षक म्हणाले. शेतकऱ्याचा मुलगा दोन रांगा पुढे गेला आणि अजून रुसलेला आहे. चार दिवसांनी त्याने बाक बदलून मागितला, तो मिळाला नाही. मधल्या सुट्टीत दोघांचे डबे पूर्वीसारखेच एकत्र उघडतात. शेतकरी बाप समाधानी नाही. पुढच्या सोडतीच्या वेळी पुन्हा येतो म्हणाला आहे. आणि यातून काही निष्कर्ष काढायला चाळीस मुले फारच थोडी आहेत, हे मी मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवले आहे.